आघाडीची फळी आणि नोंदवही : जठारपेठेपासून दूर राहिलेला महिला फुटबॉल

फुटबॉलमधील अकरा जागांपैकी आघाडीच्या खेळाडूच्या कामाचा हिशेब सर्वांत सरळ मांडता येतो, कारण तिने किती गोल केले हा आकडा तिच्या नावापुढे लिहिला जातो आणि कारकीर्द संपल्यावर बहुतेक तेवढाच मागे उरतो. मात्र हा आकडा मैदानावर गोल झाल्याने आपोआप तयार होत नाही. त्यासाठी तिला निवडणारा संघ लागतो, तो संघ दुसऱ्या संघाशी खेळावा लागतो, त्या सामन्याला मान्यता देणारी संस्था लागते आणि सामना संपल्यावर गोल कोणी केला हे लिहून जपणारे कोणीतरी लागते. यांपैकी एक दुवा निखळला तरी गोल खरा असूनही इतिहासात उरत नाही. भारतातील महिला फुटबॉलचा गेल्या 50 वर्षांचा प्रवास पाहिला, तर खेळाडूंच्या गुणवत्तेपेक्षा या दुव्यांच्या भक्कमपणावर त्यांच्या कारकिर्दी अधिक अवलंबून राहिल्या असे दिसते. आणि अकोल्याच्या जठारपेठेसारख्या वस्तीतून, म्हणजे व्यायामाची परंपरा जुनी पण महिला फुटबॉल जवळजवळ नाही अशा वऱ्हाडातून पाहताना ही गोष्ट अधिकच ठळक होते.

आघाडीची खेळाडू, म्हणजे इंग्रजी वळणाने जिला फॉरवर्ड किंवा स्ट्रायकर म्हणतात ती, प्रतिस्पर्ध्यांच्या गोलच्या सर्वांत जवळ खेळते. तिचे बहुतेक काम चेंडू पायाशी नसतानाचे असते. बचावपटूंच्या रांगेच्या खांद्याला खांदा लावून थांबणे आणि सहकारी चेंडू पुढे टाकते त्याच क्षणी त्या रांगेमागे धाव घेणे, हा त्या कामाचा गाभा होय. अर्धा क्षण आधी धावली तर ऑफसाइडचा नियम आड येतो : चेंडू पुढे टाकला जात असताना प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागातील खेळाडू चेंडूच्याही पुढे असेल आणि किमान दोन प्रतिस्पर्धी तिच्या बरोबरीने किंवा तिच्यापेक्षा गोलरेषेजवळ नसतील, तर तिने खेळात घेतलेला भाग अवैध ठरतो. अर्धा क्षण उशिरा धावली तर बचावपटू चेंडू गाठते. हे वेळेचे भान एकट्याने सराव करून येत नाही. ते शेकडो सामन्यांतून, आणि तेही तुल्यबळ बचावपटूंसमोर, अंगात मुरते. म्हणूनच सामने कमी असलेल्या देशात गोलरक्षक एक वेळ तयार होईल, पण आघाडीची खेळाडू कठीणच.

बायकांच्या गोलांची नोंद न राहण्याचा प्रकार भारतापुरता नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतील कामगार स्त्रियांचे संघ उभे राहिले आणि त्यांपैकी प्रेस्टनच्या डिक, कर लेडीज या संघाचा 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर झालेला सामना पाहण्यास सुमारे 53,000 प्रेक्षक होते. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 रोजी, तेथील फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना अनुरूप नसल्याचे सांगून आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली आणि ती बंदी सुमारे अर्धशतक टिकली. त्या संघाची आघाडीची खेळाडू लिली पार 1951 पर्यंत खेळत राहिली. तिच्या नावावर नऊशेहून अधिक गोल सांगितले जातात, परंतु त्यांचा नेमका आकडा आजही अंदाजाचाच आहे, कारण ज्या संस्थेकडे नोंदवह्या होत्या तिने या सामन्यांना सामने मानलेच नाही.

आशियात बंदीची नव्हे, तर दुर्लक्षाची अडचण होती. 1968 मध्ये आशियातील काही देशांनी महिला फुटबॉलसाठी स्वतंत्र आशियाई संघटना स्थापन केली आणि तिने 1975 मध्ये हाँगकाँगला पहिली आशियाई स्पर्धा भरवली. त्याच वर्षी भारतात लखनौ येथे वूमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया ही स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि उत्तर प्रदेशातील सुलतानपूर येथे महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुरुष फुटबॉल चालवणाऱ्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी, म्हणजे फिफा या जागतिक संघटनेच्या अधिकृत सभासदाशी, या नव्या संस्थेचा कारभार जोडलेला नव्हता. राष्ट्रीय संघाच्या पहिल्या प्रशिक्षकांत ईस्ट बंगालचे माजी खेळाडू सुशील भट्टाचार्य यांचे नाव अग्रभागी येते. संघात बंगालच्या मुलींचा भरणा मोठा होता, पण गोव्याच्या योलांदा डिसूझा यांच्यासारख्या पश्चिम किनाऱ्यावरील आघाडीच्या खेळाडूही त्या पिढीत होत्या.

या पिढीने जे मिळवले ते त्यानंतरच्या कोणत्याही पिढीला जमलेले नाही. 1980 च्या आरंभी कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत यजमान भारताने दोन संघ उतरवले आणि त्यांपैकी एक अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे तैवानच्या संघाने त्याला 2-0 असे हरवले. 1981 मध्ये हाँगकाँगला भारत तिसरा आला आणि 1983 मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम सामना खेळून थायलंडकडून पराभूत झाला. बंगालच्या शांती मल्लिक यांना, ज्या याच काळात भारताच्या आघाडीच्या फळीचा कणा होत्या, 1983 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलसाठी हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. दुसरी महिला, मणिपूरची ओइनाम बेंबेम देवी, मानकरी होण्यास 2017 साल उजाडावे लागले. मधली 34 वर्षे भारतात पुरस्कारास पात्र महिला फुटबॉलपटू नव्हती असे कोणी गंभीरपणे म्हणू शकणार नाही. पाहणाऱ्यांचे लक्ष नव्हते, एवढेच खरे.

1986 नंतर आशियाई महिला संघटना आशियाई फुटबॉल महासंघात विलीन झाली आणि भारतातही 1990 च्या दशकाच्या आरंभी महिला फुटबॉलचा कारभार अखिल भारतीय महासंघाकडे आला. यातून एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली. जुन्या आशियाई स्पर्धा मागाहून अधिकृत इतिहासात धरल्या गेल्या, त्यामुळे भारताची दोन उपविजेतेपदे आशियाई करंडकाच्या यादीत आज दिमाखात दिसतात. परंतु ती उपविजेतेपदे ज्यांच्या गोलांमुळे मिळाली त्या खेळाडूंची गोलसंख्या कोणत्याही अधिकृत तक्त्यात पूर्णपणे सापडत नाही. संघाचा मान शिल्लक राहिला आणि खेळाडूचा हिशेब हरवला. बचावपटूच्या बाबतीत हे नुकसान तुलनेने सौम्य ठरते. आघाडीच्या खेळाडूची मात्र सगळी मिळकतच त्यात जाते.

मोठ्या संस्थेत आल्यावर तरी परिस्थिती सुधारली असेल अशी अपेक्षा करावी, तर तसेही झाले नाही. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय महिला संघाचे सामने इतके विरळ झाले की 2009 मध्ये फिफाने दीर्घकाळ सामना न खेळल्याच्या कारणावरून भारताला जागतिक क्रमवारीतून वगळले. न्गांगोम बाला देवी हिची कारकीर्द नेमकी या पोकळीतून सुरू झाली, आणि भारतीय महिला आघाडीच्या खेळाडूचे जीवन कसे घडते याचे तिच्याइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातील इरेंगबाम गावी 2 फेब्रुवारी 1990 रोजी जन्मलेली बाला 2005 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, भारताच्या ज्येष्ठ संघातून खेळली. त्यानंतरची काही वर्षे, जी एरवी आघाडीच्या खेळाडूला घडवणारी असतात, देशाचा संघच क्वचित खेळत असल्याने वाया गेली. 2010 मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धांचे आयोजन सुरू झाल्यावर तिला सलग सामने मिळू लागले. 2014 मध्ये इस्लामाबादला झालेल्या दक्षिण आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने 16 गोल केले. पोटापाण्यासाठी ती मणिपूर पोलीस दलात होती आणि इंडियन वूमेन्स लीग या, 2016-17 च्या हंगामापासून सुरू झालेल्या राष्ट्रीय क्लब स्पर्धेतही ती मणिपूर पोलीस संघाकडून खेळली. 2019 मध्ये त्या संघासाठी तिने एकाच हंगामात 26 गोल केले. नोकरी देणारे खाते आणि खेळवणारा संघ एकच असणे, ही भारतातील खेळाडूंची जुनी सोय तिच्याही उपयोगी पडली.

जानेवारी 2020 मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील रेंजर्स या जुन्या क्लबने तिच्याशी 18 महिन्यांचा करार केला. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली, तर रेंजर्सच्या इतिहासात भारतातून आलेला, स्त्री किंवा पुरुष, असा दुसरा खेळाडू तोवर नव्हता. दुर्दैवाने काही आठवड्यांतच करोनाची साथ आली आणि तेथील महिला लीगचा तो हंगाम रद्द झाला. पुढचा हंगाम सुरू झाल्यावर डिसेंबर 2020 मध्ये मदरवेलविरुद्ध तिने क्लबसाठी पहिला गोल केला. 2021 मधील गुडघ्याच्या दुखापतीने ती परत फिरली आणि मायदेशी झालेला आशियाई करंडक तिला खेळता आला नाही.

या साऱ्यात सर्वांत उद्बोधक बाब तिच्या गोलांच्या आकड्यांची आहे. रेंजर्सने 2020 मध्ये करार जाहीर करताना तिच्या नावावर 58 आंतरराष्ट्रीय सामन्यांत 52 गोल सांगितले, आणि तेही 2010 पासूनचे. म्हणजे पदार्पणानंतरची पहिली पाच वर्षे त्या हिशेबात धरलेलीच नव्हती. पुढे ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडूतील दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने पाकिस्तानला 5-2 असे हरवले, तेव्हा तिने केलेला गोल हा तिचा पन्नासावा आंतरराष्ट्रीय गोल असल्याचे जाहीर झाले आणि 50 गोल करणारी पहिली भारतीय महिला म्हणून तिचा गौरव करण्यात आला. चार वर्षांपूर्वी 52 गोल केलेली खेळाडू आणखी गोल करून 50 वर कशी येते, याचा उलगडा मोजण्याच्या पद्धतीतच असू शकतो : कोणता सामना ‘अ’ दर्जाचा, म्हणजे दोन मान्यताप्राप्त ज्येष्ठ राष्ट्रीय संघांमधील पूर्ण सामना, धरायचा आणि कोणता नाही यावर बेरीज बदलते. अलीकडच्या, वृत्तपत्रांनी व प्रसारमाध्यमांनी टिपलेल्या, पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूबाबत ही गत असेल, तर 1980 च्या कालिकतमधील खेळाडूंच्या वाट्याला काय आले असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

मणिपूर, बंगाल, ओडिशा आणि गोवा यांनी भारताला आघाडीच्या खेळाडू दिल्या. वऱ्हाडाने का दिल्या नाहीत, याचे उत्तर ‘इकडे खेळाची आवड नाही’ असे देण्याची रीत आहे आणि ती सर्वस्वी चुकीची आहे. अमरावतीला 1914 मध्ये अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे शारीरिक शिक्षणातील देशातील आद्य केंद्रांपैकी एक असून, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी, मल्लखांब यांसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. वऱ्हाडाच्या क्रीडासंस्कृतीची दिशा या मंडळाने ठरवली, आणि ती दिशा आखाडा, मल्लखांब, लाठी, कबड्डी व खो-खो यांच्याकडे जाणारी होती. राष्ट्रीय चळवळीच्या भरात ती तशी असणे स्वाभाविक होते. गोऱ्या पलटणींचा चेंडू त्या काळी व्यायामशाळेच्या दारातून आत येणे कठीण होते.

फुटबॉल भारतात पसरला तो छावण्या, मिशनच्या शाळा आणि बंदरांच्या वाटेने. नागपूरजवळील कामठी येथे ब्रिटिश छावणी 1821 पासून होती आणि तेथे फुटबॉल रुजून आजही टिकून आहे. वऱ्हाड मात्र 1853 च्या तहानंतरही नावाने निजामाचेच राहिले. तेथील एलिचपूरची, म्हणजे अचलपूरची, छावणी हैदराबाद कंटिंजंटची होती आणि ते दल 1903 मध्ये नियमित लष्करात विसर्जित झाले. ज्या दशकांत फुटबॉल देशात पाय रोवत होता, त्याच दशकांत वऱ्हाडातील छावणीचे महत्त्व ओसरत गेले. रेल्वे आली, पण ती प्रामुख्याने कापसाच्या गाठी मुंबईला नेण्यासाठी. अकोला ही कापसाची बाजारपेठ झाली. मोर्णेपलीकडच्या जुन्या शहराबाहेर नव्या पेठा, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि पुढे जठारपेठेसारख्या नोकरदार-व्यापारी कुटुंबांच्या वस्त्या वाढल्या.

इतिहासकार सहसा ज्याकडे पाहत नाहीत असे आणखी एक कारण पायाखाली आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील जमीन काळी, भारी आणि चिकणमातीची आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते व बुटाच्या तळाला अशी चिकटते की दहा पावलांत प्रत्येक पाय शेरभर जड होतो. उन्हाळ्यात तीच माती आकसून तिला हाताचा पंजा जाईल अशा भेगा पडतात आणि त्यांत घोटा मुरगळणे ही नित्याची गोष्ट ठरते. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी फुटबॉलचा जोर पावसाळ्यात असतो, म्हणजे वऱ्हाडातील मैदान खेळण्यास सर्वांत नालायक असते तेव्हा. गोवा व कोकणातील जांभ्याच्या जमिनीतून पावसाचे पाणी लवकर निचरून जाते, तसे येथे होत नाही. कबड्डीचे मैदान मुरूम व चाळलेली माती टाकून लहानशा जागेत तयार करता येते आणि मल्लखांबाला तर हौद्याएवढी जागा पुरते. शंभर मीटर लांबीचे फुटबॉल मैदान काळ्या जमिनीवर मुरमाने उचलून घेणे हा खर्च नगरपालिका किंवा शाळा सहजी करत नाही. आघाडीच्या खेळाडूची धाव वेगाची व अचानक दिशा बदलण्याची असल्याने या मातीचा फटका तिलाच सर्वाधिक बसतो.

आखाडा आणि फुटबॉल यांचे मुळातच वाकडे आहे असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. कोल्हापुरात तालमींनीच फुटबॉल उचलून धरला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम अशी संघांची नावे शाहू स्टेडियमवर आजही गर्जतात. त्याच जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळल्या आणि पुढे प्रशिक्षणाच्या क्षेत्रात राष्ट्रीय पातळीवर पोहोचल्या. कोल्हापूर सिटी हा संघ इंडियन वूमेन्स लीगमध्ये उतरला. नागपूरला विजय बारसे यांनी 2001 मध्ये सुरू केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलने मुलींनाही मैदानावर आणले, जरी त्या कामाचा हेतू राष्ट्रीय संघ घडवणे हा नव्हता.

कोल्हापूर आणि वऱ्हाड यांतील खरा फरक संघटनेच्या नकाशावर दिसतो, आणि तो समजून घेण्यासाठी क्रिकेटशी तुलना करावी लागते. क्रिकेटमध्ये विदर्भाची स्वतंत्र संघटना असून तिचा संघ राष्ट्रीय स्पर्धांत स्वतःच्या नावाने खेळतो. त्यामुळे अमरावतीची भारती फुलमाळी विदर्भाकडून धावा करून निवड समितीच्या नजरेत आली आणि मार्च 2019 मध्ये इंग्लंडविरुद्ध गुवाहाटीला भारतासाठी टी-ट्वेंटी सामना खेळली. फुटबॉलमध्ये मात्र सगळ्या महाराष्ट्राचा एकच संघ असून, त्याचा कारभार मुंबईत मुख्यालय असलेली वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन पाहते. अकोल्याच्या मुलीला राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचे तर मुंबई, पुणे व कोल्हापूर येथील, वर्षभर लीग खेळणाऱ्या मुलींशी वीस-बावीस जागांसाठी स्पर्धा करावी लागते. रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने पावणेसहाशे किलोमीटर जाऊन दिलेल्या एका चाचणीत बचावपटूची चिकाटी कदाचित दिसेल. रांगेमागे नेमक्या क्षणी धावण्याची कला, जी सामन्यांतूनच येते आणि सामन्यांतूनच दिसते, ती तासाभरात दाखवणे जवळजवळ अशक्य असते. निवड करणाऱ्यांचा यात दोष काढणे सोपे आहे, पण मूळ उणीव खालच्या पातळीवरील सामन्यांची आहे.

2022 हे साल महाराष्ट्रासाठी वेगळे ठरू शकले असते. जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा आशियाई करंडक मुंबई, नवी मुंबई व पुण्याच्या बालेवाडीत झाला. भारताने 20 जानेवारीला नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी साधली आणि त्यानंतर संघात करोनाची लागण होऊन पुढच्या सामन्यासाठी आवश्यक तेवढ्या खेळाडूही उभ्या राहू न शकल्याने यजमान स्पर्धेबाहेर गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारभारातील बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन फिफाने भारतीय महासंघाला काही दिवस निलंबित केले, आणि आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेला गोकुलम केरळचा महिला संघ एकही सामना न खेळता परतला. ज्यांचा त्या वादाशी काडीचाही संबंध नव्हता, त्या खेळाडूंचे सामने कागदावरूनच पुसले गेले.

त्यानंतर 5 जुलै 2025 रोजी चिआंग माईला भारताने थायलंडला 2-1 असे हरवून आशियाई करंडकाच्या मुख्य फेरीत प्रथमच पात्रता सामने जिंकून प्रवेश मिळवला. दोन्ही गोल करणारी संगीता बासफोर ही बंगालची मध्यरक्षक होती. त्याच पात्रता फेरीत मंगोलियावर 13-0 असा विजय मिळाला तेव्हा ओडिशाच्या प्यारी झाझाने एकटीने पाच गोल केले होते. या गोलांची मिनिटे, चित्रफिती आणि सामन्यांचा दर्जा अशी सर्व माहिती आज उपलब्ध आहे.

आता महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत प्रत्येक खेळाडूला एक क्रमांक दिला जातो आणि मान्यताप्राप्त स्पर्धेतील तिची उपस्थिती त्या क्रमांकावर जमा होते. तो क्रमांक मिळण्यासाठी मात्र ती एखाद्या नोंदणीकृत क्लबची सभासद असावी लागते, त्या क्लबला जिल्हा संघटनेने सामावून घ्यावे लागते आणि जिल्ह्यात मुलींची स्पर्धा, निदान आठ-दहा सामन्यांची का होईना, दरवर्षी व्हावी लागते. जठारपेठेतील एखाद्या शाळेने मुरमाचे मैदान तयार केले आणि बारा वर्षांच्या मुलींना खेळवले, तरी त्या पुढची पायरी शाळेच्या हाती नाही. ती अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या पाच जिल्ह्यांच्या संघटनांनी मिळून मुलींची एक लीग चालवण्याची आहे, आणि काळ्या मातीचा विचार केला तर तिचा हंगाम पावसाळ्यात नव्हे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा धरावा लागेल.